साहेबांना मी नववी सांगितलं

६ फेब्रुवारी २००६, देवास
चुका होतील, माफ करा. (मीच वाचणार, माफ कोण करणार!) शाळा हिंदी होती, मराठी फक्त घरची. एका बोटाने टाइप करते, एक ओळ म्हणजे पंधरा मिनिटं. सुनंदाताई, आमच्या संध्याकाळच्या क्लासच्या, बोलल्या, "मंजू, कोणाशी बोलत नाहीस तर कम्प्युटरशी तरी बोल."
मुलं शाळा सुटली की दप्तरासकट इथेच येतात. मी आईबरोबर पापड लाटून. दप्तर नाही.

९ फेब्रु.
पाच वाजताचे परमल-चणे (परमल म्हणजे मुरमुरे) आजपासून बंद. भोपाळहून अनुदानाची किस्त नाही, दिवाळीपासून. गोलू, दुसरीतला, "मॅडम, सरकार के पास परमल भी खतम?" ताईच जास्त हसल्या. त्यांचा पगार पण त्याच किस्तीतून.

१५ फेब्रु.
ताईंना गंधवानीच्या होस्टेलात नोकरी मिळतेय. "किस्त आली तर मी कशाला जाते गं." मार्चपर्यंत वाट बघणार.
दहावीचा प्रायव्हेट फॉर्म ताईच भरवणार होत्या. गणित अर्धं झालंय. मला अजून स्वप्नात प्रार्थनेची रांग दिसते.

२२ फेब्रु.
उद्या साहेब तपासणीला. अनुदान मिळतं ते शाळा सोडलेल्यांना परत शिकवायला, शाळेतली मुलं सोबत बसली तर चालतं. यादीत सोडलेले आम्ही तिघं. बाकी दोघं एकमेकांचे भाऊ, त्यांना फॅक्टरीतून सुट्टी नाही. राहिले मी.
ताई, "तू ये हं. विचारलं तर खरं सांग, बस."

२३ फेब्रु.
साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "बेटा, कौन सी क्लास?" दूसरी. पाँचवीं. छठी. माझी पाळी. तोंडातून निघालं, "नौवीं."
"कौन सा स्कूल?"
जुन्या शाळेचं नाव सांगितलं.
गोलू ओरडला, "झूठ! दीदी तो स्कूल जाती ही नहीं!"
साहेब गोलूकडे बघून हसले. "अच्छा, बच्चों को सिखाके रखा है, मॅडम?" ताई समजावत राहिल्या. साहेब, "लिखित में भेजिए." रजिस्टरवर लाल पेनने काहीतरी लिहिलं आणि गेले.
नौवीं बोलताना एक सेकंद किती छान वाटलं. तेच सगळ्यात वाईट.

२४ फेब्रु. नंतर टाइप केलं
गेले नाही. आई, "काय गं, आज क्लास नाही?" डोकं दुखतंय म्हटलं.

२७ फेब्रु.
गेले. दारातच उभी. ताई, "मी रागावले होते. चार दिवस. आता गणित काढ."

३ मार्च
अर्ज मीच लिहिला, साहेबांच्या नावाने. "मैंने आठवीं के बाद स्कूल छोड़ दिया है। उस दिन झूठ बोली।" तीन कागद फाडले. बाबांची फॅक्टरी बंद पडली, ते नाही लिहिलं. त्यांना काय.
ताई ऑफिसात देऊन आल्या. साहेब दौऱ्यावर. तिथला बाबू बोलला, ऊपर भेज देंगे.

१७ मार्च
फाइल भोपाळला गेली. माझा अर्ज आत लागला का? बाबू, "देखना पड़ेगा."
ताई म्हणतात, किस्त दिवाळीपासून अडलीय, तुझ्यामुळे नाही. माहीत आहे. तरी...

३१ मार्च
ताई उद्या सकाळच्या बसने गंधवानीला. मला किल्ली दिली. "मुलांना बसव फक्त. किस्त आली की फोन कर, मी निघालेच." सांगायचं होतं, नका जाऊ. बोलले, "बसमध्ये खिडकीशी बसा, तुम्हाला मळमळतं." त्या हो बोलल्या.

४ एप्रिल
सात मुलं आली. ताईंच्या सतरंजीवर मी नाही बसले, बाजूला बसले. हजेरी घेतली, हळूच. गोलू, "दीदी, जोर से!"
मग, "मॅडम कब आएंगी?"
"किस्त आएगी तब."
"कब आएगी?"
पाढे म्हणायला लावले. तेराचा मलाच अडला, ताई असत्या तर...
भोपाळहून आज पण काही नाही.
समोरच्या काकूंच्या गाईला आत्ता जुळी वासरं झाली. सगळी मुलं पळाली बघायला.