अण्णा, दुनळी जमा केली

प्रिय अण्णा,

तुमची दुनळी आज सकाळी पोलीस ठाण्यात जमा करून आले. लोकसभेची निवडणूक लागली आहे, निकाल लागेपर्यंत ती तिथेच राहील. रिकाम्या हातांनी वाडीत बसवेना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी नीट बोललेच नाही. राग होता. अजून आहे.

त्या बंदुकीने तुमच्या हातून एक तरी जीव गेला का हो? चिकूवरची माकडं हाकलायला कधीमधी हवेत बार काढायचात आणि दसऱ्याला तिला तेल लावून, झेंडूची माळ घालून पाटावर मांडायचात. २०१४ च्या दसऱ्याला विधानसभेची निवडणूक आली आणि बंदूक ठाण्यात गेली. दुसरा कुणी कोयता-कुदळ पुजून मोकळा झाला असता. तुम्ही तिच्या जागी सुपारी मांडलीत! पूजेत कुणी हजर नसलं की सुपारी चालते, मग बंदुकीलाही चालेल, हे तुमचं शास्त्र. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत होतात.

नंदूही सोनं द्यायला आला होता. तुमच्या सख्ख्या भावाचा मुलगा, कुंपणापलीकडचा. विहिरीकडच्या पट्टीवरून वर्षभर तुमच्याशी भांडत होता, तरी सणाला वाकून पाया पडला.

"काका, बंदूक कुठंय?"

"ठाण्यात. निकाल लागेस्तोवर."

"म्हणजे सध्या सुपारीवरच भागवायचं?"

किती हसलात तुम्ही! मीही हसले.

निकालाच्या आतच त्याने तुम्हाला भर दुपारी विहिरीपाशी गाठलं आणि कुदळीच्या दांड्याने मारलं. मी मसोलीच्या माझ्या खोलीवरून रिक्षा करून आले तेव्हा तुम्हाला डहाणूच्या दवाखान्यात नेलं होतं. हवालदार विचारायला आला. तुम्ही शुद्धीवर होतात. "पायरीवरून घसरलो," म्हणालात, अगदी ठणठणीत आवाजात. मग वापीला हलवताना, तलासरीच्या पुढे हायवेवर, रुग्णवाहिकेत माझं मनगट धरलंत. "नंदूने मारलं गं. पण घरचं पोर आहे. कुठे बोलू नकोस."

मग मला तरी का सांगितलंत? पोलिसांना खोटं आणि मुलीला खरं, ही कसली वाटणी, अण्णा?

वापी यायच्या आत तुम्ही गेलात. मी तुमचं न ऐकता सगळं सांगितलं. हवालदार वाईट नव्हता. "ताई, तुमचे वडील माझ्यासमोर बोललेत. आता मी तुमचं ऐकू की त्यांचं?" तुम्हाला मुलगा नाही, म्हणून तुमच्या चितेला अग्नी नंदूनेच दिला. मडकं फोडून तो ओक्साबोक्शी रडला. बायका म्हणाल्या, किती माया होती बघा काकावर!

मसोलीची खोली सोडून मी चिखल्याला, तुमच्या वाडीत राहायला आले आणि परवाना माझ्या नावावर करायला अर्ज केला. साहेबांनी विचारलं, "बाईमाणूस तुम्ही, बंदूक कशाला?" काय सांगणार? तुम्ही तर घसरला होतात. मी म्हटलं, "पीकसंरक्षण. रानडुक्कर."

"चिखल्यात? समुद्राकाठी?"

"एकच आहे साहेब. पण कुंपण ओलांडतं."

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. पुढे कधीतरी परवाना आला.

त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. मी बंदूक घेऊन फिरते कारण तुमचा खुनी रोज सकाळी माझ्या कुंपणाशी दात घासतो. तो मला "ताई, चहा झाला का?" विचारतो, आणि मला उत्तर द्यावं लागतं. माझी हाक ऐकून धावून येईल असं पहिलं घर त्याचंच आहे. पहिल्यांदा माकडांवर बार काढला तेव्हा तो अंगणात चहा पीत होता. पेला हातातून पडला. मला तो आवाज फार आवडला, अण्णा. बारापेक्षा पेल्याचा जास्त.

पण ऐका. त्याची धाकटी मुलगी पडलेले चिकू वेचायला यायची, मला आत्या म्हणायची. आता मला बघितलं की फ्रॉक धरून पळत सुटते. बंदुकीने मला झोप दिली आणि ही पोर नेली. हा सौदा मी केला नव्हता. तुम्ही खरं बोलला असतात तर करावा लागला नसता.

आज मी ठाण्यातून परत आले तर नंदू कुंपणाशी उभाच.

"काय ताई, आज एकटीच? मैत्रीण माहेरी गेली वाटतं?"

"गेलीय. निकालानंतर येईल."

"मग तोवर सांभाळून राहा हो. विहिरीची पायरी लई निसरडी आहे."

हसत म्हणाला, अण्णा. तुमच्यासारखं, मान मागे टाकून. घराण्याचं हसू आहे ते.

चिकू उतरवायला येणारी जमनी सगळं ऐकत होती. "बाय, निकाल लागेतो मसोलीला जा ना." मी पिशवी भरलीसुद्धा. मग पुन्हा रिकामी केली. एकदा गेले तर ही वाडी परत मिळायची नाही.

तुम्हाला एक वचन देते. तुमचा सूड मी घेणार नाही. तुम्ही त्याला माफ केलंत, तुमचं मरण तुमच्यापाशी ठेवा. पण माझं मरण घरातल्या घरात मिटवायचं नाही. बंदूक हातात असली तर गोळी झाडेन, आणि ती हवेत नसेल. ती ठाण्यात असताना, या दिवसांत त्याने मला गाठलंच, तर जीभ हलते आहे तोवर दवाखान्यातल्या प्रत्येकाला, हवालदाराला, डॉक्टरला, झाडूवालीला, त्याचं नाव सांगत राहीन. तुमच्या आडनावासकट.

तुमची,
शालू