इंजिन थांबलं की आई जेवत नाही

दादा, तुमच्या इंजिनाच्या डिझेल पंपाचं एलिमेंट बदललं. मीच बदललं, घरी, स्वयंपाकघरात, तुम्ही बदलायचात तसं. आणि नवं घातलेलंही वाया गेलं. हे तुम्हाला सांगून काय होणार, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. पण दुसऱ्या कुणाला सांगावं तर म्हणतील, गिरणीला विजेची मोटर आहे, मग त्या जुन्या धुडाच्या मागे कशाला लागलीस? मोटर आहे. जे काही दळण येतं ते तिच्यावरच होतं. इंजिन मी दळणासाठी चालवत नव्हते, आईसाठी चालवत होते.

आईला आता फारसं काही आठवत नाही. तुम्ही गेलात हेही ती विसरली. तुम्ही जेवल्याशिवाय ती जेवायची नाही. फक्त गिरणीवर गर्दी असली की तुम्हीच निरोप धाडायचात, मला उशीर होईल, तू जेवून घे. तेवढं एक तिच्या डोक्यात पक्कं राहिलंय. दुपारी घरामागं इंजिनाचं पुक् पुक् सुरू झालं की म्हणते, "गिऱ्हाईक लय हाय आज. त्यांना येळ लागंल. वाढ मला." आणि भाकरी चुरून पोटभर जेवते. इंजिन बंद असलं की ताट वाढून दारात बसते. "बंद झालं. येतील आता." भाकरी वाळून जाते, पण ती घोटभर पाण्यापलीकडे काही घेत नाही. मोटरच्या घरघरीला ती मोजत नाही. मोबाईलमध्ये आवाज भरून लावला तर म्हणाली, "हे कामून वाजवायलीस?" म्हणून रोज दुपारी पट्टा काढून मी इंजिन रिकामंच फिरवायचे. डिझेल जाळून आईला जेवू घालायचे म्हणा ना.

मग ते सुरू व्हायला कुरकुर करू लागलं, धूर ओकू लागलं आणि एक दिवस हँडल मारून मारून माझे खांदे गेले तरी हूं की चूं नाही. पंप खोलला. एलिमेंट म्हणजे काय, एक पोलादी दांडा आणि त्याची नळी. दांडा नळीत वरखाली होतो आणि डिझेल पुढं रेटतो. तुम्ही दाखवलं होतं तसं ते डिझेलमध्ये बुडवून तिरपं धरलं. चांगला दांडा संथपणे खाली उतरतो. हा झर्रकन घसरला. झिजला होता.

नागपंचमी आठवते. त्या दिवशी दळायचं नसतं म्हणून गिरणीला हक्काची सुट्टी, आणि तुम्ही ती पंप खोलण्यात घालवता. गिरणीत पीठ उडतं, पंपाला धुळीचा कण चालत नाही, म्हणून पंप घरी येतो. घरात विळी नाही, तवा नाही. आई चुलीवर दिंडं उकडतेय आणि दुसऱ्या कोपऱ्यात तुम्ही तिच्याच पितळी परातीत डिझेल ओतून बसलाय. ती वैतागलेली. नवं एलिमेंट असलं की आधी ती डबीला हळदकुंकू लावते, बंद डबीला, आणि त्यानंतरच तुम्ही डबी उघडता. मदत करावी म्हणून मी दांडा उचलून परकराला पुसते आणि तुम्ही केवढ्यानं ओरडता: "पुसू नको! कापडाचं एक सूत आत गेलं तर इंजन मरंल. ह्याला डिझेलनंच धुवायचं, बोट बी लावायचं न्हाई." मी रडते. आई म्हणते, "लेकरावर कामून वरडायलात सणाच्या दिशी?" मग तुम्ही पहिलं दिंड तुपात बुडवून मला भरवता, आणि तुपाबरोबर तुमच्या बोटांचा डिझेलचा वास येतो. मला तो आवडायचा.

नव्या एलिमेंटसाठी परभणी पालथी घातली. स्टेशनजवळच्या एका जुन्या दुकानदारानं माळ्यावरून एक डबी काढून दिली. म्हणाला, "बाई, ही शेवटची. ह्या इंजनाचं सामान यायचं कवाच बंद झालं. आता भंगारात द्या अन् मोकळ्या व्हा." मी डबी पदरात बांधली आणि आपल्या पिंगळीपर्यंत गाडीत तिच्यावर हात ठेवूनच बसले. गावातल्या कुणाला पंप दाखवावा असं वाटलंच नाही. तुमच्या हातचं काम होतं, ते मलाच करायचं होतं.

काल सकाळी तीच परात घेतली. दांडा आणि नळी ताटलीत ठेवून गाळलेलं डिझेल आणायला गिरणीत गेले. परत आले तर आई ताटलीपुढं बसलेली, करंडा घेऊन. दादा, तुम्ही गेलात त्या दिवसापासून तिनं करंड्याला हात लावला नव्हता. कुठून शोधून काढला देव जाणे. स्वतःच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं होतं आणि नव्या सामानाची पूजा चालली होती. डबीची नाही, थेट दांड्याची.

"त्यांनी नवं सामान आणलंय," ती म्हणाली. "नारळ न्हाई व्हय गं घरात?"

तेव्हाच तिचा हात धरायला हवा होता. पण इतक्या वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मी उभीच राहिले. डिझेलनं निघेल सगळं, असं मनाला समजावलं. दांडा धुतला, परत धुतला, डिझेल बदलून पुन्हा धुतला, पंप बसवला, त्यातली हवा काढली आणि हँडल मारलं. लागलं, दादा! पुक् पुक् ऐकून मला रडू फुटलं. घरातून आईची हाक आली, "वाढ गं." मी धावत जाऊन वाढलं. तिनं भाकरी मोडली, घास तोंडाशी नेला आणि मागं इंजिन आचका देऊन बंद पडलं. आईनं घास ताटात ठेवला.

पंप खोलला. दांडा नळीत घट्ट अडकलेला, ओढून काढला तर पोलाद खरवडलेलं आणि त्याच्या तिरप्या खाचेत हळदीचा पिवळा गाळ. आता दुसरं मिळायचं नाही. घरात आले तर आई दारात. "बंद झालं. येतील आता." मला इतका संताप आला, कुणाचा ते कळेना. मी म्हणाले, "दादा गेले, आई. ते न्हाई यायचे." तिनं माझ्याकडं पाहिलं. "कवा?" मग छाती पिटून रडली, पदरानं कुंकू पुसलं. मी तिला दुसऱ्यांदा विधवा केलं. आणि थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं विचारलं, "इंजन बंद झालं का गं? येतील आता." ते ताटही तसंच राहिलं.

आज दुपारी मोटरवर शेजारचं दळण काढलं आणि घरी आले. रोज ओट्यावर पीठ झटकून आत येते, आज भानच नव्हतं. डोक्याला तुमचा रुमाल, केस, भुवया, सगळं पांढरं. आई दारातून उठली.

"आलात व्हय? लय उशीर केला. हात धुवा."

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. हात धुतले आणि तुमच्या पाटावर बसले. ती वाढत होती, मी जेवत होते. मग समोर बसून तीही जेवू लागली. जेवता जेवता म्हणाली, "पोरगी लय दिस झाले आली न्हाई. सासरी बरी हाय ना?"

"बरी हाय," मी म्हणाले.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही. पलीकडं आई झोपली आहे, जेवून, समाधानानं. तिला विचारलं तर ती सांगेल, तुम्ही घरीच आहात. एवढंच कबूल करते, दादा, उद्या मी पीठ झटकणार नाही.