आईचं चार पानी भाषण

७ जून २०२१
विषय ठरला. पहिल्या महायुद्धातला आपल्या डोंगरावरचा दुष्काळ. टोळधाड, समुद्रावरची नाकेबंदी, तुर्की पाशाचे शिपाई, गावंच्या गावं उपाशी. प्रयोग १५ ऑगस्टला, मरियममातेच्या सणाच्या संध्याकाळी, शाळेच्या अंगणात.

सिस्टर यूजेनी (आमच्या प्राचार्य, कपडे ननचे, स्वभाव हवालदाराचा) म्हणाल्या, उस्ताद नखले, मुलांना काहीतरी हसरं नाही का देता येणार? मी म्हटलं, सिस्टर, आपलं इतिहासाचं पुस्तक १९४३ला संपतं, कारण त्यापुढे कोणी कोणाला मारलं यावर लेबनॉनमध्ये एकमत होत नाही. दुष्काळावर होतं. सगळ्यांचेच मेले. सिस्टर गप्प बसल्या. याला म्हणतात मुद्दा पटवणं.

पात्रं चाळीस. त्यातले पंचवीस नुसते टोळ.

खरं कारण फक्त इथे लिहून ठेवतो. नायला. माझी एकुलती एक लेक, यंदा बारावी झाली. मॉन्ट्रियलला मामाकडे जाऊन शिकायचं म्हणते. वयच असतं तसं. मुख्य भूमिका, म्हणजे आईची, तिला देतोय. एकदा टाळ्या कानावर पडल्या की मॉन्ट्रियल आपोआप सुटेल. मग बैरूतला नाट्यशाखेत नाव घालू, शनिवार-रविवार घरी येईल.

संकल्प: रोज रोजनिशी. सिगारेट बंद.

१२ जून
रोज जमलं नाही. कारण मोठं आहे. आईचं भाषण लिहून झालं. चार पानं, शुद्ध ग्रांथिक अरबीत. मुलाला बोटीवर चढवायच्या आधी आई बोलते तो प्रसंग. वाचताना स्वतःच दोनदा रडलो. एक सिगारेट, भावनेच्या भरात.

नायलाने वाचलं. म्हणाली, बाबा, एवढ्यात बोट निघून जाईल रे. विनोदबुद्धी माझ्यावर गेली आहे.

१९ जून
पहिली तालीम. भूक म्हणजे काय हे कळावं म्हणून सगळ्यांना दिवसभर उपास सांगितला. रालफ (पाशा) म्हणाला, उस्ताद, आमच्याकडे फ्रिजमध्ये आता चपला ठेवतात, लाईटच नसते तर. पोरं खो खो हसली. मी ठणकावून सांगितलं, नटाने भूमिका जगावी लागते.

दुपारी मला गरगरलं. बेकरीमागे उभं राहून झातर मसाल्याची रोटी खाल्ली. दिग्दर्शकाची गोष्ट वेगळी.

२८ जून
शेजारच्या उम्म तानियोसना तालमीला बोलावलं. नव्वदी गाठलेली बाई, त्यांच्या आईने दुष्काळ पाहिलेला. म्हटलं, मुलांना अस्सल काहीतरी सांगा. त्या म्हणाल्या, माझ्या आजीने थोरल्या पोराला खाली बंदरावर नेलं, नाकेबंदी उठली तशी ब्राझीलच्या बोटीत बसवायला. विचारलं, काय बोलल्या आजी? म्हणाल्या, काय बोलणार मेली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. कागद घेतलेस का म्हणून विचारलं आणि वळली. पोरगा पुन्हा दिसला नाही.

मला वाईट वाटलं, पण रंगभूमीच्या दृष्टीने यात काही नाही. बटण मागच्या रांगेतल्याला दिसणार कसं? त्यांना कॉफी पाजून घरी पोचवलं.

५ जुलै
रालफ गेला. सगळं कुटुंबच सायप्रसला. त्याच्या आईने चर्चबाहेर सांगितलं आणि लगेच माझ्याकडे पाठ केली. पाशाचा नुसता आवाज ठेवतोय. न दिसणारा जुलमी माणूस जास्त भयंकर वाटतो. टोळ अकरा राहिले. खरं तर पंचवीस म्हणजे गर्दीच होती.

जेवताना बायको, अफाफ, आणि नायला काहीतरी सांगत होत्या, दोघी एकमेकींकडे बघत बघत. माझ्या डोक्यात टोळांचे पंख. छान छान म्हटलं. नायला उठून आत गेली. लाजली असेल. मुख्य भूमिकेचं टेन्शन.

११ जुलै
बायको असावी तर अशी! गच्चीवर पाहतो तो चादरींवर दह्यात मुरवलेला दलिया वाळत घातलेला. किश्क. ते सप्टेंबरात करतात, तेही सबंध गाव मिळून. अफाफने एकटीने जुलैतच घातलं. शिवाय कोनाड्यात झातर, सुके अंजीर, वांग्याचं लोणचं. म्हटलं, अगं, एवढ्या लवकर? म्हणाली, यंदा लवकरच लागणार आहे. नाटकात सुरुवातीला भरलेलं कोठार दाखवायचंय हे मी तिला एकदाच बोललो होतो! न सांगता कामाला लागली.

डब्यांवर "प्रॉपर्टी" लिहायला गेलो तर हातावर फटका मारला. म्हणाली, याला हात लावायचा नाही. सामानाची अशी काळजी घेणारा माणूस मला शाळेत एक मिळालेला नाही.

२१ जुलै
नायला दोन तालमी चुकली. बैरूतला काम होतं म्हणे. तिच्या टेबलावर पासपोर्ट साइज फोटो दिसले, पांढऱ्या पार्श्वभूमीचे. मी काही विचारलं नाही. नाट्यशाखेच्या अर्जाला फोटो लागतातच. सरप्राइज देणार पोरगी. देऊ दे.

अफाफने वजनाचं वेड घेतलंय. रोज काट्यावर उभी राहते, तेही हातात बॅग धरून. उतरते, चार डबे काढते, पुन्हा चढते. बॅगेने वजन वाढतं हे या बायकांना कोणी सांगावं?

सिगारेट चार. उद्यापासून नक्की.

३० जुलै
आज तालमीत भांडण. नायला भाषणाला उभी राहिली. समोर मारी-रोझ, सातवीतली, मुलगा म्हणून पाठीवर गाठोडं घेतलेली. नायलाने चार पानांतलं एक अक्षर उच्चारलं नाही. वाकून मारी-रोझच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, म्हणाली, कागद घेतलेस का, आणि मागे वळली. मारी-रोझ खरीच रडायला लागली. टोळही रडले. टोळ आता पाचच आहेत.

मी ओरडलो. भाषण कुठाय? चार पानं लिहिताना काय माशा मारत होतो मी? म्हणाली, बाबा, जाणाऱ्याशी कोणी एवढं बोलत नाही. मी म्हटलं, तुला काय माहीत जाणाऱ्याचं? तिने माझ्या हातातली पानं घेतली. मग म्हणाली, बरं, पाठ करते.

जरा जास्तच बोललो. पण कडक राहिल्याशिवाय कलाकार घडत नाही.

८ ऑगस्ट
डिझेल नाही. सगळ्या देशात नाही. जनरेटरवाला म्हणतो, २२ पर्यंत नक्की देतो. दिव्यांशिवाय प्रयोग? मुळीच नाही. शिवाय उपमंत्र्यांच्या माणसाचा फोन होता, २२ला साहेब या बाजूला असू शकतात. पुढे ढकलला. १५ऐवजी २२, रविवार. सिस्टरना कळवलं.

नायला एवढी अस्वस्थ होईल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, बाबा, पंधरालाच कर ना. मेणबत्त्या लावू. अरे दुष्काळात कुठे दिवे होते? मी समजावलं, बाळा, तुझा चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत दिसला पाहिजे. म्हणाली, मला शेवटच्या रांगेशी काय करायचंय, तू पहिल्या रांगेत असशील ना? हात धरून म्हणाली, प्लीज बाबा. डोळ्यांत पाणी.

हेच तर हवं होतं! रंगभूमी अंगात भिनली पोरीच्या. आता कुठे जात नाही ती.

१६ ऑगस्ट
काल सण. अंगणात खुर्च्या मांडल्या असत्या त्या जागी गावातली मुलं फुटबॉल खेळत होती.

आज अफाफने समोर बसवून घेतलं. म्हणाली, अहो, शुक्रवारी तिचं विमान आहे. मी म्हटलं, कोणाचं? म्हणाली, आता तरी ऐका. व्हिसा जुलैच्या सुरुवातीलाच आला होता. तुम्हाला जेवताना सांगितलं, तुम्ही छान म्हणालात. पंधराचा प्रयोग करून जाता यावं म्हणून मामाने मुद्दाम वीस तारखेचं तिकीट काढलं होतं. तुम्ही प्रयोग बावीसला नेलात.

किश्क मॉन्ट्रियलसाठी होतं. वजनकाटा बॅगेसाठी. फोटोही व्हिसासाठी काढलेल्यांतले उरलेले होते.

मी म्हटलं, तारीख बदलता येईल. अफाफ म्हणाली, कसली, विमानाची?

१८ ऑगस्ट
प्रयोग उद्या घ्यायचं ठरवलं, मेणबत्त्यांवर. सगळ्यांना निरोप धाडले. एका टोळाचे वडील पेट्रोलच्या रांगेत, तो त्यांची जागा धरून बसलाय. दोघे आजोळी. सिस्टर म्हणाल्या, उस्ताद, अंगणाची किल्ली देते, माणसं कुठून देऊ?

नायला म्हणाली, राहू दे बाबा. मग म्हणाली, भाषण मात्र पाठ झालंय माझं, चारही पानं. ऐकायचंय? मी म्हटलं, आता नको, गडबड आहे. काही गडबड नव्हती. मी ओट्याजवळ नुसता उभा होतो. ऐकवलं नसतं मला, एवढंच.

२० ऑगस्ट
उम्म तानियोसच्या नातवाने टॅक्सी दिली, टाकीत पेट्रोल होतं म्हणून. भाषणाची चार पानं खिशात घेतली होती. वाटलं, विमानतळावर आपणच म्हणू. बाप म्हणून म्हणू.

काउंटरवर बॅग जड निघाली. तिथेच उघडली. अफाफ म्हणाली, बूट काढा, किश्क राहू द्या. नायला म्हणाली, आई, तिकडे थंडी असते गं. किश्कची पिशवी माझ्या हातात आली.

चारी बाजूंना आमच्यासारखीच माणसं. प्रत्येकाच्या हातात काढून ठेवलेला एखादा डबा.

मी म्हटलं, पासपोर्ट घेतलास का? तिने दाखवला. पुन्हा विचारलं. तिने पुन्हा दाखवला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने पासपोर्ट नाही दाखवला. माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. म्हणाली, बाबा, सिगारेट बंद कर. मग आत गेली. काचेपलीकडे तिची पाठ दिसत होती, नंतर दुसऱ्याच कोणाची तरी.

परतताना किश्क मांडीवर होतं.

२२ ऑगस्ट, संध्याकाळ
जनरेटर आला. डिझेल आलं. सगळे दिवे लागले. उपमंत्री आले नाहीत.

प्रेक्षक पंधरा-वीस. टोळ तीन. सिस्टर म्हणाल्या, आईच्या भूमिकेचं काय? मी अफाफचा काळा रुमाल डोक्याला बांधला आणि चढलो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भाषणाची वेळ आली. चारी पानं मला तोंडपाठ आहेत, मीच लिहिलीत. मारी-रोझ गाठोडं घेऊन समोर. तिचं वरचं बटण उघडं होतं. ते लावायला बराच वेळ लागला. म्हटलं, कागद घेतलेस का? ती हो म्हणाली. पुढचं आलंच नाही. सिस्टर पडद्याआडून पहिलं वाक्य सांगत राहिल्या, आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी वळलो आणि आत आलो.

टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं एकेक करून उठली. उम्म तानियोसने जाताना माझा हात धरला, दाबला आणि सोडला. सिस्टर म्हणाल्या, उस्ताद, सगळं भाषण विसरलात की हो. हो म्हटलं, विसरलो.

घरी अफाफने ते किश्क शिजवलं. मीठ थोडं जास्त झालं होतं. दोघांनी खाल्लं.

नायलाचा मेसेज आला होता. बाबा, टाळ्या वाजल्या का? लिहिलं, खूप वाजल्या. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, पासपोर्ट नीट ठेवलास ना? पाठवायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. गेला की नाही, ते सकाळी कळेल.