पुढच्या रांगा

सोमवार, ३ मार्च

फॅन क्लबचा अर्ज आजही नाही भरला. पुन्हा शेवटच्या चौकटीपाशी येऊन अडकले आणि फोन उशीखाली सारला.

नाव झालं, पत्ता झाला, जन्मतारीख झाली. (वाढदिवसाला तिच्या आवाजात शुभेच्छा येणार म्हणे. मला आणि माझ्यासारख्या हजारोंना, तीच!) शेवटी एक ओळ : 'मी या गायिकेची मनापासून चाहती आहे.' बाजूला रिकामी चौकट. फक्त खूण करायची.

मनापासून म्हणजे किती? तिचा तिसरा अल्बम मला आवडत नाही. त्यातली दोन गाणी तर लागली की मी पुढे ढकलते. असली बाई मनापासून चाहती कशी? फॅन क्लबच्या अर्जात खोटं लिहिलं जाईल म्हणून धास्तावणारं माणूस जगात असेल का दुसरं? अर्ज वाचणाऱ्या यंत्राला तरी कळणार आहे का?

पण मला कळेल ना.

मंगळवार, ४ मार्च

दुकानात बोलून बसले. चूक.

आमचं दुकान कानाच्या यंत्रांचं. पुढच्या खोलीत ताई ऐकण्याची तपासणी करतात, मागच्या खोलीत मी कानाचे साचे घेते. कानात मऊ पेस्ट भरायची, ती घट्ट होईपर्यंत माणसाला हसू द्यायचं नाही, मग अलगद काढायची. ताई दारातूनच म्हणाल्या, "पैसे देऊन कुणी चाहती होतं का गं? मी नवऱ्याची फुकटात झाले, तर अजून निस्तरतेय!" माझ्या खुर्चीतल्या आजोबांना एरवी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. हे मात्र बरोबर ऐकू आलं. खो खो हसले. साचा वाया.

तरी शांत डोक्याने विचार करू. मिळणार काय? एक कार्ड. अधूनमधून एक अंक, ज्यात तिच्या मांजरीची मुलाखत असेल. आणि — खरा मुद्दा हाच — मे महिन्यात इथल्या छोट्या सभागृहात तिचा कार्यक्रम आहे, त्याच्या पुढच्या रांगा फक्त सभासदांना. सोबत एक पाहुणा आणता येतो. नोंदणी १८ तारखेपर्यंत.

वर्गणी साधारण एका चांगल्या बुटाच्या जोडाएवढी. माझे बूट फाटलेत. दिवसभर खालून माझ्याकडे बघत असतात.

गुरुवार, ६ मार्च

आज अर्ज उघडलाच नाही. याला संयम म्हणायचं की भित्रेपणा, हे ठरवण्यात दुपार गेली.

रविवार, ९ मार्च

शेवटी घरात मांडलं. न मांडता घेतलं असतं तर घास गिळला नसता मला.

आमच्या घरची रीत बाहेर सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते. काही घ्यायचं असलं की रविवारी जेवणाच्या टेबलाशी त्याचा वाद होतो. आणि ज्याला ती वस्तू हवी, त्यानेच उभं राहून तिच्या विरुद्ध बोलायचं! बाजूने बोलणार दुसरं कुणीतरी. बाबा म्हणतात, हवं असलेल्याला बाजूने बोलू दिलं की तो थापा मारतो. निकाल आई देते. गेल्या वर्षी आत्या एकदम उठली आणि "कपडे धुण्याचं मशीन म्हणजे आळसाला घरात जागा देणं" म्हणाली, तेव्हाच आम्हाला कळलं की तिला मशीन हवंय. मिळालं. मी बाजूने बोलले होते.

दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे हेच टेबल. बाबा गणित शिकवायचे, आत्या भाषा, आई बाकी सगळं आणि शिवाय शिस्त. एका वेळी एकानेच बोलायचं. ज्याच्याशी बोलतोय त्याच्याकडे तोंड करून बोलायचं. शब्द खाऊन बोलायचं नाही. बाहेरच्या शाळेत गेले तेव्हा मुलं एकमेकांचं बोलणं तोडतात, पाठ फिरवून बोलतात हे बघून मी पहिल्या दिवशी रडले होते. बाईंना वाटलं, आई हवीय. मला शिस्त हवी होती!

तर — पुढच्या रविवारी फॅन क्लबच्या विरुद्ध मी बोलणार. बाजूने कोण म्हणून चिठ्ठी टाकली. बाबा!

ज्या माणसाने गेल्या कित्येक वर्षांत एकही गाणं पूर्ण ऐकलेलं नाही, तो माझं भवितव्य ठरवणार. आत्या फिस्सकन हसली. बाबा गंभीर. "ऐकल्याशिवाय वकिली करणार नाही. तुझे ते हेडफोन दे."

मंगळवार, ११ मार्च

बाबा हेडफोन लावून खिडकीशी बसतात. पाय हलतो, तालात हलतो. चेहरा मात्र आयकराचा कागद वाचत असल्यासारखा.

"कसं वाटतंय?" मी समोर जाऊन विचारलं.

"ताल चांगला आहे. बाईचं म्हणणं काय आहे, ते लिहून दे."

"म्हणजे गाण्याचे शब्द?"

"हो. सगळे. वकिलाला कागद लागतात."

बसले लिहीत. बाबा एवढे कसून तयारीला लागलेत आणि मी मात्र विरुद्ध बोलायच्या मुद्द्यांना अजून हात लावलेला नाही. लाज वाटली. शब्द लिहिताना लक्षात आलं, तिसऱ्या अल्बममधलं एक गाणं तितकंसं वाईट नाही. आता 'मनापासून'चा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवार, १३ मार्च

आज मेले असते!

कामावर निघताना हेडफोन घेतले, गाणं लावलं आणि कानात स्फोट झाल्यासारखा आवाज. आवाजाची पट्टी पार शेवटपर्यंत गेलेली. झालं! मला कळून चुकलं — रोज ऐकून ऐकून माझे कान गेलेत, म्हणून मी नकळत आवाज वाढवत नेलाय. कानाच्या दुकानात काम करणारी बहिरी मुलगी! दुकानात पोचेपर्यंत मी स्वतःसाठी यंत्राचा रंगसुद्धा ठरवला होता.

ताईंच्या पाया पडून तपासणीच्या खोलीत शिरले. बारीक बारीक आवाज येतात, आला की बटण दाबायचं. मी इतकी घाबरले होते की न आलेल्या आवाजांनाही बटण दाबत सुटले. ताई काचेपलीकडून हातवारे करत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कान मांजराचे आहेत तुझे. डोक्याचं बघ."

"मग आवाज कुणी वाढवला?"

"घरात भुतं असतील, ऐकणारी. जा, साचा घे जा."

हेडफोनमध्येच बिघाड असणार. नवे घ्यावे लागतील. म्हणजे आणखी एका रविवारी आणखी एका वस्तूविरुद्ध बोला!

शनिवार, १५ मार्च

उद्याचं भाषण आरशासमोर करून पाहिलं. इतकं पटलं की फोनमधून तिचा फोटो काढून टाकला. मग परत लावला.

रविवार, १६ मार्च

हरले. म्हणजे जिंकले. म्हणजे क्लब नाही.

मी उभी राहिले आणि मलाच ओळखू येईना, इतकी चांगली बोलले. म्हटलं, ज्या आनंदाची पावती मिळते ती खरेदी असते. म्हटलं, ती मला ओळखणार नाही, माझ्या कार्डाचा क्रमांक ओळखेल. आणि शेवटी, हात वर करून : "खऱ्या चाहत्याला पुढची रांग कशाला हवी? आवाज मागेही पोचतो!" आत्याने टाळी वाजवली. नियमात बसत नाही, तरी वाजवली.

मग बाबा उठले. मी लिहून दिलेल्या शब्दांची घडी हातात. एकच मुद्दा मांडला.

"आवाज मागे पोचत नाही," ते म्हणाले. "पुढे बसलं की बाईचं तोंड दिसतं. तोंड दिसलं की गाणं कळतं. त्यासाठी वर्गणी गेली तर गेली."

मग आत्या फुटलीच. "दादा! या वयात बाईचं तोंड बघायला वर्गणी भरणार?"

आई म्हणाली, "अहो, घरातलं तोंड फुकट आहे, तिकडे बघा की!"

सगळे हसलो. मीही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबाही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. आईने निकाल दिला — विरुद्ध बाजू.

पुढचं आज लिहवत नाही.

सोमवार, १७ मार्च

लिहायलाच हवं.

काल जेवणं झाल्यावर बाबा ओट्याशी ताटं पुसत होते. नळ बंद. घरात कुणी बोलत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, ते पाठमोरे. का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "बाबा, मला ते हवं होतं."

हे वाक्य या घरात मी जन्मात उच्चारलेलं नव्हतं. वाटलं, आता वळून म्हणतील, हा काय प्रकार, नियम काय आहे. वळले नाहीत. वाटलं, रागावले. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. ताट पुसणं चालूच. संथ, गोल गोल.

मग एकेक करून सगळं माझ्या अंगावर आलं. शेवटपर्यंत गेलेली आवाजाची पट्टी. 'शब्द लिहून दे.' 'तोंड दिसलं की गाणं कळतं.' आणि आमचं हे आदर्श टेबल! एका वेळी एकच जण, तोंडासमोर, सुटे सुटे शब्द — तिथे माणूस वर्षानुवर्षं निभावून नेऊ शकतो आणि कुणाला पत्ता लागणार नाही. दुकानात रोज कुणाची तरी मुलगी रडवेली होऊन बसते, आणि मी भुवई उंचावून विचारते, "एका घरात राहून तुम्हाला कळलं कसं नाही?" ती भुवई आता कुठे ठेवू?

मी वळसा घालून त्यांच्यासमोर गेले. "मला ते हवं होतं, बाबा."

"मग आधी नाही का म्हणायचंस?"

"म्हटलं. दोनदा. आत्ताच, तुमच्या मागे उभी राहून."

कोरडं झालेलं ताट ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "तुझी बाई गायला लागली की मला नुसतं धडधड ऐकू येतं. ती गाते तेवढंच नेमकं निसटतं."

"बाबा, दुकानात चला ना. मी स्वतः साचा घेईन."

"माझं बरं चाललंय." ताट जागेवर ठेवलं. "आईला सांगू नकोस." आणि गेले.

मंगळवार, १८ मार्च

आईला गाठलं. ते नाही सांगितलं. दुसरं सांगितलं.

"आई, मी क्लबची वर्गणी भरतेय."

"निकाल झाला ना परवा?"

"झाला. पण मला हवंय."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अगं, मग एवढं दळण कशाला दळलंस?"

चौकटीत खूण केली. मनापासून. तिसऱ्या अल्बमसकट. पुढच्या रांगेतल्या दोन जागा. पाहुण्याचं नाव विचारलं, तिथे बाबांचं घातलं. त्यांना न विचारता.

बूट अजून बघताहेत. बघू देत.

गुरुवार, २० मार्च

यंत्रांची माहिती असलेला कागद पर्समध्ये घालून घरी आणला आणि तसाच परत नेला. बाबा आता माझ्या तोंडाकडे बघायचं टाळतात. म्हणजे आमचं बोलणंच होत नाही.

रविवार, २३ मार्च

आज कुणाचं काही मांडायचं नव्हतं. तरी जेवता जेवता बाबा उभे राहिले. घसा खाकरला.

"कानात यंत्र अडकवून फिरणं म्हणजे आपल्या वयाची दवंडी पिटणं," ते म्हणाले. "शिवाय ते खर्चिक. शिवाय ते हरवतं. शिवाय आजवर काही अडलेलं नाही."

आत्याचा घास हातातच राहिला. आईने हळूच चमचा खाली ठेवला. बाबा विरुद्ध बोलत राहिले, एकेक मुद्दा, माझ्या तोंडाकडे सरळ बघत. मग बसले.

बाजूने बोलायला मी उठले.