अधिकचं चिन्ह असलेलं बटण

बाबा, आज आमच्या प्रयोगशाळेत कापकामाची एक नवी मशीन आली. ती बसवायला आलेल्या माणसाने सहज विचारलं, मॅडम, तुम्ही या लायनीत कशा आलात? मी नेहमीचं उत्तर दिलं, की आधी गणित आवडायचं, मग कॉम्प्युटर, मग हे. ते खोटं नाही, पण त्यात तुम्ही कधी येत नाही. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला नीट कळलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नाही. तुम्ही शेजारी सांगायचात, "पोरगी कॉम्प्युटरचा शिकतं." कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रावरून लाकूड, पत्रा, लोखंड कापणाऱ्या मशीन असतात. त्या चालवणाऱ्या माणसाला समोरच्या पडद्यावरचं काय कळतं, काय कळत नाही, तो कुठे अडतो आणि कुठे घाबरतो, हे मी बघते. आणि बघितलेलं लिहून काढते. काम एवढंच आहे.

तुम्ही मुरबाडच्या कारखान्यात हाताच्या लेथवर, लोखंड फिरवत कापायच्या मशीनवर, होतात. वैशाखऱ्याच्या फाट्यावरून एसटी धरायची, शिफ्ट करायची आणि परत यायचं. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, त्यामुळे तुम्ही घरात असलात तरी बहुतेक वेळा झोपलेले असायचात. मी नववीत असताना कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारा लेथ आला आणि सुपरवायझरने त्यावर तुम्हाला घेतलं. तुमचं शिक्षण सातवीपर्यंतचं, मराठी शाळेतलं. मशीनवर मात्र सगळं इंग्रजीत. तुम्ही तिथले शब्द जसे दिसतील तसे पेनाने तळहातावर उतरवून आणायचात.

आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे. तुम्ही माझ्यासमोर हात उघडता आणि विचारता, "ह्या काय लिवलाय गो?" मी वाचते, फीड होल्ड. शाळेच्या डिक्शनरीत बघते. फीड म्हणजे खायला घालणे, होल्ड म्हणजे धरणे. आई मान न वळवता म्हणते, "मशीनला पन जेवन लागतं काय?" तुम्ही हसत नाही, विचार करता. मग म्हणता, "बराबर हाय. टूल लोखंड खातो ना. म्हंजे घास थांबव." त्या दिवसापासून आपल्या घरात त्या बटणाचं नाव 'घास थांबव' झालं. असे कितीतरी शब्द आपण त्या स्वयंपाकघरात बसवले. काही बरोबर होते, काही अगदीच चुकलेले. माझी डिक्शनरी शाळेची होती. कारखान्याचे अर्थ तिच्यात नव्हते.

खंडेनवमीला कारखान्यात घरच्यांना नेता यायचं. तुम्ही मला नेलंत. मशीनला झेंडूची माळ, पडद्याच्या कडेला कुंकू. तुम्ही दार लावलंत आणि मला हिरवं बटण दाबायला सांगितलंत. काचेमागे दुधासारखं पाणी उसळलं, आवाज बदलत गेला आणि मग सगळं थांबलं. तुम्ही आतून चकचकीत तुकडा काढून माझ्या हातावर ठेवलात. तो कोमट होता. "कडा सांभाळ," म्हणालात. शेजारच्या लेथवरच्या माणसाला तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून सांगितलंत, "हिनंच शिकवला मला." मी लाजले. आपण दोघे मिळून काहीतरी चालवतो आहोत असं वाटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ते झालं. पडद्याच्या खाली दोन बटणं होती, अगदी शेजारी शेजारी. एक दाबलं की तुम्ही टाकलेला आकडा जुन्या आकड्यात मिळवला जायचा. दुसरं दाबलं की जुना आकडा पुसला जाऊन नवा बसायचा. दोन्हींवर शब्द एकच, फरक फक्त एका अधिकच्या चिन्हाचा. टूल केसभर सरकवायचं होतं, म्हणजे छोटासा आकडा जुन्यात मिळवायचा होता. तुम्ही बिनचिन्हाचं दाबलंत. मशीनच्या दृष्टीने टूलची जागाच बदलली आणि ते पूर्ण वेगाने लोखंड धरून फिरवणाऱ्या चकवर जाऊन आदळलं. दार बंद होतं म्हणून कुणाला लागलं नाही. मशीन मात्र बरेच दिवस बंद राहिली. ती दुरुस्त करायला आलेल्या इंजिनिअरने सगळ्यांसमोर सांगितलं, ऑपरेटरची चूक. तुम्ही मान डोलावलीत. तुम्हाला स्टोअरमध्ये हलवलं, खोकी आणि नट आवळायचे पाने देण्याघेण्याच्या कामावर. मशीनवर एक डिप्लोमा झालेला मुलगा बसला.

पुढे मी शिकायला पुण्याला गेले आणि फिरत फिरत त्याच दोन बटणांपाशी येऊन पोहोचले. शहापूरला एका प्रशिक्षण केंद्रात आम्ही तशीच बटणं असलेला पडदा ठेवला आणि येणाऱ्या माणसांना एक साधं काम दिलं. खर्डीहून येणारी मुलं होती, शिवणकाम सोडून आलेल्या बायका होत्या, आमच्या कॉलेजातले प्राध्यापकही होते. चुकीचं बटण सगळ्यांकडूनच दाबलं जात होतं. एक बाई दाबून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "माझा काय चुकला काय?" मी तिचं वाक्य तसंच वहीत उतरवलं. नंतर आम्ही पडदा बदलला. टूल आता कुठे जाणार ते आधी चित्रात दाखवायचं आणि मगच विचारायचं, जाऊ का? चुका पुष्कळ कमी झाल्या.

त्याच वर्षी दिवाळीत मी घरी आले. तुम्ही पडवीत वालाचं बियाणं निवडत बसला होतात. मी म्हणाले, "बाबा, ती चूक तुमची नव्हती. बटणंच चुकीची केली होती. शिकलेली माणसंसुद्धा तेच दाबतात."

"कोन बोलला?"

"मी बोलते. बघितलंय मी."

तुम्ही किडका दाणा बाजूला टाकलात. "मंग मी काय केला?"

"तुम्ही काहीच नाही केलं."

"तसा नाय गो. जॉब चांगला झाला तवा मी केला, न बिघाडला तवा मशीननी केला, असा कसा? आमी मशीनवर होतो का नव्हतो?" पुढचा दाणा उचलत म्हणालात, "माझी चूक माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

मला राग आला. एवढी वर्षं जी गोष्ट तुमच्या मानेवर होती ती मी उतरवायला आले होते आणि तुम्ही ती सोडायला तयार नव्हतात. मी उठून आत गेले. पुन्हा आपण त्यावर बोललो नाही. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, ताप काय आला आणि आठवड्यात सगळं संपलं. तुमचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. एवढं लोखंड एका चिन्हाच्या भरवशावर फिरत ठेवायचं आणि आदळलं की माणसाकडे बोट दाखवायचं, हे मला मान्य नाही. पण लिहिताना मी 'माणसाने काहीच केलं नाही' असं कधी लिहीत नाही. त्याला काय करायचं होतं ते आधी लिहिते, मग मशीनने काय ऐकलं ते लिहिते. विद्यार्थी विचारतात, हा क्रम का? मी म्हणते, पद्धत आहे.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही, आईलाही नाही. कारण एक गोष्ट राहिली आहे. स्टोअरमध्ये गेल्यावर तुमची रात्रपाळी संपली. रोज संध्याकाळच्या एसटीने तुम्ही घरी यायला लागलात. आई तुमच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून हळू बोलायची. मी मात्र गणिताचं पुस्तक घेऊन तुमच्याशेजारी बसायचे, आणि तुम्हाला काही कळत नसलं तरी तुम्ही जेवणाची हाक येईपर्यंत ऐकत राहायचात. तुमची मशीन गेली, तेव्हा मला बरं वाटलं होतं.