क्रूसाचं तोंड

निर्मळ, २० एप्रिल १९५२
सामान लागलं. घर लहान, पण पुढे चाफा, मागे केळी. माझगावच्या खोलीनंतर राजवाडाच म्हणायचा. दुरुस्ती उरकली की तीन मेला लुसी आणि आमची लेक बेला येतील. बेलाने निळी खिडकी मागितली आहे, आणि बाईसाहेबांचा हुकूम म्हणजे हुकूम. पास्कल मिस्त्री कामाला चोख. चहा मात्र फार पितो. शेजारचा बंगला मुंबईकरांना हवापालटासाठी भाड्याने देतात. सध्या त्याला मोठं कुलूप आहे, त्यामुळे आमच्या ठोकाठोकीवर कुरकुरायला कोणी नाही.

२२ एप्रिल
दोन घरांमधल्या कुंपणाच्या भिंतीवर जुना दगडी क्रूस आहे. कोरीव बाजू बंगल्याकडे, पाठ आमच्याकडे. बेला येणार त्या घराकडे क्रूसाने पाठ करावी, हे मला बरं वाटेना. पास्कल म्हणाला, बंगला झाडणाऱ्या क्लारामावशीला विचारू. ती अर्नाळ्याला लेकीकडे गेलेली. देवाचं तोंड आपल्याकडे करायला परवानगी कसली? मी हट्टच धरला. परमिटावर मोठ्या मुश्किलीने मिळालेलं सिमेंट वापरून क्रूस आमच्याकडे तोंड करून पक्का बसवला. मेणबत्ती लावली. फार समाधान वाटलं.

२५ एप्रिल
खिडकी निळी झाली. संध्याकाळी पाहतो तर बंगल्यालाही तशीच निळी खिडकी. काल तिथे नुसती भिंत होती. पास्कलला दाखवलं. त्याने क्रूसाची खूण केली आणि हत्यारं टाकून घरी गेला.

२८ एप्रिल
पास्कल येत नाही. व्हरांड्याची कौलं मीच चढवली. बंगल्यावरही नवी कौलं. त्यांच्या अंगणात आता चाफा आहे. दारावरचं कुलूप गेलंय. मला भीती वाटते. बाजारात जाईन म्हणतो, पण फाटकाशी गेलो की काहीतरी आठवून परत फिरतो.

३० एप्रिल
क्लारामावशी आली. रस्त्यावरच थांबली. क्रूस पाहून रडू लागली. तो तिच्या आज्याने बसवलेला. “ज्या घराकडं क्रूस बघतो, त्या घरचा भायेर नाय येत. पावना तेवढा जातो,” म्हणाली. बंगल्यात असा एक घरचा अडकलेला आहे. म्हणून बंगला फक्त पाहुण्यांना देतात. आजच्या आज क्रूस फिरव, म्हणाली.

१ मे
छिन्नी बोथटली. सिमेंट दगड झालंय. लुसीला तार करायला हवी, येऊ नका म्हणून. फाटकाबाहेर पाऊल पडत नाही. वाटसरूंना हाका मारतो — ते बंगल्याकडे बघून हात करतात.

२ मे
बंगल्याच्या व्हरांड्यात माणूस बसलाय. माझी टोपी. मांडीवर वही. मी थांबलो की तोही लिहायचा थांबतो —

३ मे
टांगा. लुसी. बेला —

बेलाने दोन्ही खिडक्या पाहिल्या. इकडे पाऊल टाकलंही होतं. त्याने फाटक उघडलं, आणि लुसीने त्याला माझ्या नावाने —

ओरडतोय. कुणी वळत नाही. फाटकाशी पाय —

बेला बंगल्याच्या निळ्या खिडकीत आली. हात हलवतेय. मला नाही, त्याला. तो अंगणातून निघालाय. हातात ते कुलूप. तो इकडे, आमच्या दारा