बाबांसाठी बसवलेली डिश

निगाता, १४ मार्च

प्रिय आईस नमस्कार.

बाबा माझ्या फ्लॅटवर सुखरूप आहेत. साखर थोडी उतरली आहे, भात मोजूनच देते. तुझे गुडघे कसे आहेत?

बाबांना करमावं म्हणून टीव्ही घेतला. नेहमीची चॅनेलं भिंतीतल्या वायरवर येतात, पण दुपारच्या सुमो कुस्त्यांसाठी बाल्कनीत डिश लागते. ती बसवायला काल ओकुमुरा नावाचे कारागीर आले होते.

त्यांनी डिश फिरवली. बाबा म्हणाले, "धुरकट दिसतंय." पुन्हा फिरवली. "अजून धुरकटच." मग भिंतीतलं चॅनेल लावलं, तर बाबांना तेही धुरकट.

ओकुमुरा मला हळूच म्हणाले, "ताई, सिग्नल पूर्ण आहे." मी पडद्याकडे पाहिलं. निवेदकाच्या चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"या बिल्डिंगमध्ये असंच येतं, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "चिझुरु, मला सगळं कळतंय. फक्त आईला कळवू नकोस."

आज डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. उशीर झाला म्हणाले. हिवाळ्यात बाबा बंदराच्या धक्क्यावर पडले, तेव्हा तुला काही जाणवलं नव्हतं का गं?

तरी बाबा एप्रिलमध्ये मासेमारीला समुद्रावर जाणारच म्हणतात. ते घरी यायच्या आत होडी विकून टाक.

स्वतःला जप.

तुझी,
चिझुरु